रांगोळीतली वसई मोहीम

खाडी आधी काढायची, हे माझ्या भाच्यानं ठरवूनच टाकलं होतं. ओटीवरची लादी पुसून कोरडी केली, खडूनं दोन वळणदार रेघा मारल्या आणि त्यांच्यामधून तो निळी पूड सोडू लागला. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून पूड इतकी सारखी सुटत होती, की मध्यावरचा गडद निळा काठाशी येता येता आपोआप फिका झाला. तपकिरीत थोडा काळा मिसळून काठाचा चिखल केला. तिवरांसाठी हिरवे ठिपके टाकले. मग त्यानं स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, ‘‘आई, जाडं मीठ दे.’’

पांढरी रांगोळी समोर असताना मीठ कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, ‘‘मावशी, मिठागर मिठाचंच पाहिजे.’’ आणि चौकोन आखून त्यानं खड्याचं मीठ वाफ्यावाफ्यांत पसरलं.

जूचंद्र हे माझ्या बहिणीचं सासर. नायगाव स्टेशनच्या पूर्वेला, वसई-दिवा रेल्वेमार्गावरचं हे आगरी गाव. डोंगरावर चंडिका देवीचं देऊळ, खाली वस्ती, आणि खाडीकडे उतरत गेलेली खाजणं आणि मिठागरं. आता त्यांच्या भोवती इमारतींची दाटी झाली आहे. आगर म्हणजे मिठाचा मळा, आणि आगरी हे नाव त्या आगराशी जोडलेलं. पण आसपासच्या पट्ट्यात जूचंद्रची ओळख आहे ती रांगोळीकारांचं गाव म्हणून. इथली मुलं माणसाचा चेहरा रांगोळीत असा उतरवतात, की डोळ्यांतला ओलावाही दिसावा. दिवाळीत गावात रांगोळ्यांची प्रदर्शनं भरतात आणि लांबून माणसं पाहायला येतात.

त्या दिवाळीत आमच्या ओटीवर मात्र चेहरा नव्हता. तिथे एक मुलूख आखला जात होता. सन १७३७, वसईच्या खाडीचा काठ, एका बाजूला मराठ्यांची वीस माणसं, दुसऱ्या बाजूला फिरंग्यांची, म्हणजे पोर्तुगिजांची, वीस. पत्ते, फासे आणि बोटभर उंचीची मातीची माणसं घेऊन आम्ही एक चकमक खेळणार होतो.

टेबलावरची सरहद्द

छोट्या मूर्तींनी लढाई खेळण्याचा छंद युरोप-अमेरिकेत मोठा आहे आणि त्याचा इतिहासही गंभीर आहे. प्रशियाच्या सैन्यात फॉन राइसवित्झ या बापलेकांनी त्याची घडी बसवली. बापानं १८१२ साली राजाला लढाईचा खेळ सादर केला आणि मुलानं १८२४ साली त्याचे नियम छापले. नकाशावर ठोकळे सरकवायचे, फासे टाकून नुकसान ठरवायचं आणि पंचानं निवाडा द्यायचा. अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी हे साधन वापरलं जाऊ लागलं. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या कादंबरीकारानं ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिलं आणि तो खेळ घराच्या जमिनीवर आणला. शिशाचे शिपाई, स्प्रिंगनं लाकडी गोळी उडवणाऱ्या खेळण्यातल्या तोफा, पुस्तकांचे डोंगर आणि ठोकळ्यांची घरं. त्याच पुस्तकाच्या शेवटी वेल्सनं लिहिलं आहे, की हा खेळ तीन-चारदा खेळलेल्या माणसाला खरं युद्ध किती मूर्खपणाचं असतं ते उमगतं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

या छंदाची एक शाखा वसाहतींच्या सरहद्दीवरच्या चकमकींची आहे. वायव्य सरहद्द, सुदान, झुलूंचा मुलूख. लॅरी ब्रॉम या अमेरिकन माणसानं १९७९ साली ‘द सोर्ड अँड द फ्लेम’ हे नियमांचं पुस्तक काढलं आणि ते फार गाजलं. त्यातली एक युक्ती मला फार आवडते. कोणी कधी हलायचं हे पत्त्यांची गड्डी ठरवते. लाल पत्ता निघाला तर एका बाजूची एक तुकडी हलते, काळा निघाला तर दुसऱ्या बाजूची. किती पुढे जाता येईल तेही फाशावर. त्यामुळे हुकूम दिला आणि सैन्य निघालं, असं होत नाही. सेनापतीच्या मनात एक असतं आणि मैदानात भलतंच घडतं.

पण या शाखेत मला एक गोष्ट खुपत आली आहे. तिथल्या टेबलावरची सरहद्द बहुतेक वेळा साम्राज्याच्या बाजूनं पाहिलेली असते. लाल किंवा खाकी डगल्यातल्या प्रत्येक शिपायाची पलटण, हुद्दा, बटणांचा रंग असं सगळं ठरलेलं. समोरचे मात्र नुसते ‘टोळीवाले’, संख्येनं जास्त आणि एकसारखे. त्यांच्या बाजूला बसायला गडी मिळाला नाही, तर त्यांना नियमांवर सोडून दिलं तरी चालतं.

आणि त्या लाल डगल्यातही आपली माणसं होती, हे फार कमी वेळा आठवलं जातं. १८४० साली बलुचिस्तानातल्या काहान किल्ल्यात मुंबई फौजेच्या पाचव्या पलटणीची एक तुकडी मरी टोळ्यांच्या वेढ्यात कित्येक महिने अडकली होती. पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीत सामील झालेली ‘काळी पाचवी’ ती हीच पलटण. मुंबई फौजेत कोकणातले आणि देशावरचे शिपाई होते. पगारासाठी घर सोडलेला एखादा मराठी माणूस त्या वैराण डोंगरात दुसऱ्याच्या साम्राज्याची सरहद्द राखत बसला होता. टेबलावर तो एक इंच उंचीचा शिपाई होतो आणि त्याचं गाव कुठलं, हे कोणी विचारत नाही.

आमच्या खेळात गाव विचारायचंच, हे मी मनाशी ठरवलं होतं.

किल्ल्यावर नसलेला माणूस

आपल्याकडे हा छंद नाही, असं म्हणणारे दिवाळीतला किल्ला विसरतात. दगड-विटांचा ढीग, त्यावर पोतं, त्यावर चिखल, वर आळीव किंवा मोहरी पेरून उगवलेली हिरवळ. आणि बाजारातून आणलेली चित्रं. लहानपणी आम्ही मातीच्या मावळ्यांना ‘चित्रं’च म्हणायचो. सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर भालदार, बुरुजावर तोफ, खाली विहिरीवर बाई, गुहेच्या तोंडाशी वाघ. मूर्ती मांडून प्रदेश उभा करण्याचं एवढं मोठं लोकशिक्षण दुसरीकडे कुठे असेल, मला माहीत नाही. माझ्या पिढीला माची, बालेकिल्ला, चोरदरवाजा हे शब्द पुस्तकाआधी चिखलानं माखलेल्या हातांनी शिकवले.

पण त्या किल्ल्यावर लढाई नसते. सगळे आपापल्या जागी उभे असतात, चार दिवस राहतात आणि मग पुढच्या वर्षासाठी खोक्यात जातात. आणि मुख्य म्हणजे तिथे शत्रू नसतो. बाजारात मावळे मिळतात, फिरंगी मिळत नाही. आम्ही वसई आणि नायगावच्या दुकानांतून शोधलं. आमच्या लढाईच्या निम्म्या माणसांचं चित्रच कोणी घडवलं नव्हतं.

मग आम्ही ती घडवली. एम-सील मळून बोटभर अंग, त्यावर गुडघ्यापर्यंतचा डगला, तीन कोनी टोपी. उदबत्तीची काडी कापून बंदूक. बाटलीचं झाकण उलटं करून त्यावर माणूस चिकटवला, की तो लादीवर न डगमगता उभा राहतो. मावळ्यांनाही तशीच झाकणं लावली. रंगवताना मुलांनी डगले एकाच निळ्या रंगात काढायला घेतले, तेव्हा त्यांना थांबवावं लागलं. वसईच्या बाजूनं लढणारे सगळे काही पोर्तुगालहून आले नव्हते. युरोपातून आलेले थोडे, इथेच जन्मलेले फिरंगी काही, आणि त्यांच्याबरोबर स्थानिक ख्रिस्ती शिपाई. म्हणून निम्म्या माणसांना टोपी काढून मुंडासं घातलं, पाय अनवाणी ठेवले. मातीचा रंग दोन्ही बाजूंना तोच लागला.

प्रत्येक झाकणाखाली कागदाची चकती चिकटवून तिच्यावर गावाचं नाव लिहिलं. मराठ्यांच्या माणसांखाली अंजूर, कामण, सातारा, कुलाबा. फिरंग्यांच्या माणसांखाली गोवा, लिस्बन, पापडी, सांडोर. माणसं कल्पनेतली, गावं मात्र खरी.

दोन वर्षांचा चिखल

मुलांना शाळेत वसईची लढाई एका परिच्छेदात शिकवतात. त्या परिच्छेदाच्या मागे दोन वर्षांची मोहीम आहे. त्याच्याही मागे दोनशे वर्षं. गुजरातच्या बहादूरशहानं डिसेंबर १५३४ मध्ये वसई आणि तिच्या हाताखालचा मुलूख तहानं पोर्तुगिजांना दिला. त्यांच्या उत्तर प्रांताचं वसई हे मुख्य ठाणं झालं. साष्टी, ठाणे, माहीम, तारापूर, अर्नाळा अशी किनाऱ्यावरची साखळी त्यांच्याकडे होती. धर्मांतरं, जमिनींच्या वतनांचे झगडे, देवळांवरची गदा, यांनी मुलूख धुमसत होता. खाडीपलीकडच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ यांनी पेशव्यांना या मोहिमेकडे वळवण्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली. म्हणजे सुरुवात पुण्यातून झाली तशी इथल्या खारट मातीतूनही झाली.

मार्च १७३७ मध्ये पेशव्यांचे भाऊ चिमाजी अप्पा यांच्या फौजांनी साष्टीत उतरून ठाण्याचा किल्ला घेतला. त्याच वर्षी अर्नाळाही हाती आलं. वसई मात्र हटली नाही. शिड्या लावून चढण्याचे प्रयत्न फसले. पावसाळा आला. शंकराजी केशवांसारखे सरदार ठाण मांडून राहिले. १७३९ च्या सुरुवातीला माहीम आणि तारापूर पडलं. तारापूरच्या तटावर बाजी भीवराव रेठरेकर कामी आले. मग फेब्रुवारीपासून चिमाजी अप्पा स्वतः वसईसमोर बसले. कोंडी वाढत गेली, तसे वसईतले फिरंगी चर्चमधली चांदी गहाण टाकून मुंबईच्या इंग्रजांकडून पैसे उभे करण्यापर्यंत आले. मे महिन्यात उत्तरेच्या तटाखाली सुरुंग उडाले आणि सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडलं. सगळे सुरुंग वेळेवर उडाले नाहीत. उशिरा उडालेल्या सुरुंगात चढाईला गेलेले आपलेच लोक सापडले. अखेर किल्ला शरण आला. शिबंदीला हत्यारांसह, वाजतगाजत बाहेर पडू दिलं गेलं, आणि जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक देण्यात आली.

त्या विजयाच्या खुणा अजून वाजतात. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात गेल्या. भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही टांगलेल्या आहेत. चिमाजी अप्पांनी नवस फेडला आणि वज्रेश्वरीचं देऊळ उभं राहिलं.

खेळाच्या आदल्या दिवशी आम्ही मुलांना घेऊन वसईच्या किल्ल्यात गेलो. पडक्या चर्चच्या कमानी, तटावर वाढलेली झाडं, चिमाजी अप्पांचं स्मारक. मुलं आधी तिकडे धावली. मग उत्तरेच्या तटाबाहेर जाऊन आम्ही भिंतीला पाठ लावून उभे राहिलो आणि शिडी टेकवून चढायचं झालं तर काय होईल, ते डोळ्यांनी मोजलं. भाच्यानं मान मागे टाकून वर पाहिलं आणि बराच वेळ तो काही बोलला नाही.

चिठ्ठी आणि पत्ता

एवढा वेढा ओटीवर मांडणं शक्य नव्हतं आणि मला तो मांडायचाही नव्हता. हजारांची फौज आली, की माणूस दिसेनासा होतो. वीस-वीस माणसांची चकमक असली, की एकेक माणूस पडताना दिसतो. म्हणून आम्ही एक प्रसंग कल्पिला. ओहोटीच्या वेळी मराठ्यांची एक तुकडी खाजणातून उतरते आणि मिठागराच्या बांधावरची फिरंग्यांची चौकी भरती येण्याआधी घ्यायला निघते. प्रसंग आमचा, पाणी, चिखल आणि हत्यारं त्या काळची.

खेळायला भाचा, त्याचे दोन मित्र आणि भाच्याच्या वर्गातला वसई गावचा एक ख्रिस्ती मुलगा. बाजू वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा चौघांनाही मराठेच व्हायचं होतं. तो मुलगाही म्हणाला, ‘‘मला का फिरंगी करता? मीही इथलाच.’’

ओटीवर एकदम शांतता पसरली. तो बरोबर बोलत होता. मग चिठ्ठ्या टाकल्या. ठरलं असं, की एक डाव झाला की बाजू बदलायच्या, आणि कोणीही दोनदा त्याच बाजूला बसायचं नाही. पहिल्या चिठ्ठीत माझा भाचा फिरंगी झाला. त्याचा चेहरा पडला, पण चौकीमागे जाऊन बसला.

नियम आम्ही साधे ठेवले. लाल पत्ता म्हणजे फिरंगी, काळा म्हणजे मराठे. खराट्याचा एक हीर वीतभर कापून घेतला. कोरड्यावर एक हीर चालायचं, खाजणात अर्धा, आणि तिथे आधी फासा टाकायचा. चारच्या खाली दान पडलं तर माणूस रुतला. मराठ्यांकडे तोड्याच्या बंदुका, म्हणजे जामगी पेटती राहिली तर बार. फिरंग्यांकडे काही चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीनं बार उडवणाऱ्या बंदुका. राजा निघाला की भरती चढणार.

या शेवटच्या नियमापुढे बाकी सगळं फिकं पडलं. पहिला राजा निघाला तेव्हा भाच्यानं निळी पूड चिमटीत घेतली आणि चिखलाच्या काठावर चार बोटं पुढे सोडली. तपकिरी रंगावर निळा चढला. तीन मावळे त्या निळ्यात उभे राहिले. नियमाप्रमाणे त्यांची दारू भिजली आणि बंदुका निकामी झाल्या. बहिणीचे सासरे दारात खुर्ची टाकून बसले होते. तरुणपणी मिठागरांवर काम केलेला माणूस. ते वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘भरती कोनाला थांबत नाय.’’

मग त्यांनीच चूक दाखवली. पाणी सरळ रेषेत चढत नाही, ते आधी नाळीतून आत घुसतं आणि माणसाच्या मागून येतं. बोट ठेवून त्यांनी जागा दाखवली. भाच्यानं तिथून निळी रेघ ओढली. मराठ्यांची परतीची वाट बंद झाली.

ते पाहून माझ्या अंगावर काटा आला. उधाणाला या किनाऱ्यावर पाणी साडेचार-पाच मीटरांपर्यंत चढतं, हे मी शंभर वेळा वाचलं होतं. पण त्या पाण्यात दोन वर्षं मोहीम चालवणं म्हणजे काय, ते एका निळ्या रेघेनं सांगितलं. सैन्याच्या वाटा पंचांगातल्या तिथीला बांधलेल्या असणार. वाटा दाखवणारे लोक कोणी पुण्याचे नसणार. ते आगरी असतील, कोळी असतील, खाडीच्या दोन्ही तीरांवरचे असतील. बखरींत सरदारांची नावं आहेत. त्यांची नाहीत.

पहिला डाव फिरंग्यांनी जिंकला. भाच्याला चौकी राखता आली आणि त्याला आनंद झाला. मग त्या आनंदाची त्याला लाजही वाटली. ‘‘मावशी, मी आपल्याच माणसांना मारलं.’’ मी त्याला सांगितलं, की तू नीट खेळलास. चौकीतल्या फिरंग्याकडे दारू किती उरली, मदत येणार की नाही, घरचे कुठे असतील, हे प्रश्न तुला आज पडले. ते प्रश्न पडणं म्हणजेच त्या माणसाला माणूस म्हणून पाहणं.

दुसऱ्या डावात वसई गावचा तो मुलगा मराठ्यांकडून खेळला. त्यानं पहिल्या डावातली चूक केली नाही. नाळ टाळून तो मिठागराच्या बांधावरून आला आणि भरतीच्या आत चौकी घेतली. बांध अरुंद, म्हणून एकामागून एक. पुढची चार माणसं पडली तेव्हा मागची पोहोचली.

झाकणाखालची गावं

आमचा एक नियम होता. पडलेलं माणूस उचलायचं नाही, जिथे पडलं तिथेच आडवं ठेवायचं. दुसरा डाव संपला तेव्हा मिठाचे चौकोन विस्कटले होते, निळा रंग चिखलात मिसळला होता आणि अकरा माणसं आडवी होती. मुलं ती गोळा करायला बसली. एकेक झाकण उलटून नाव वाचायचं, असं ठरलं होतं.

अंजूर. कामण. पापडी. सातारा. गोवा. कामण. सांडोर. लिस्बन. पापडी. कुलाबा. अंजूर.

वाचता वाचता मुलांचा आवाज खाली आला. कामणची टेकडी जूचंद्रच्या मागेच दिसते. पापडीला त्या मुलाचं आजोळ. अकरांपैकी सात माणसांची गावं या ओटीपासून एका दिवसात जाऊन येण्यासारखी होती.

मला वसईचा विजय मोठाच वाटतो. ज्या सत्तेनं इथल्या लोकांच्या देवाला आणि भाषेला दडपलं, ती सत्ता इथून गेली याचा अभिमान मी मनापासून बाळगते. पण तो विजय कोणी, किती दमानं, किती चिखलातून मिळवला, आणि पलीकडच्या तटावर कोण उभं होतं, हे पाहिल्याशिवाय तो अभिमान पोकळ राहतो. किल्ल्यावर नुसते मावळे मांडले, की पराक्रम कोणापुढे गाजवला तेच कळत नाही. समोरच्या माणसाला घडवावं लागतं, त्याच्या जागी एकदा बसावं लागतं. सरहद्द दूर कुठेतरी वैराण डोंगरात नसते. ती आपल्या मिठागराच्या बांधावरून जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना आपलेच शेजारी राहतात.

संध्याकाळी दिवे लावायच्या आधी ओटी रिकामी करायची होती. माणसं झाकणांसकट एकाच खोक्यात गेली, मावळे आणि फिरंगी एकत्र. भाच्यानं केरसुणी घेतली आणि खाडी, खाजण, तिवरं सगळं एका बाजूला लोटलं. मीठ मात्र त्यानं आधी हातानं वेगळं केलं, कागदात गोळा करून आजोबांपुढे नेलं. त्यांनी एक खडा उचलला, त्याला लागलेला निळा रंग फुंकून उडवला आणि कागदाची पुडी बांधून खोक्यात, त्या माणसांशेजारी ठेवली.

‘‘राहू दे,’’ ते म्हणाले. ‘‘पुढच्या दिवाळीला लागंल.’’